डोंगर चढून समुद्राखाली : ट्रूडोसमधले सात दिवस

पहिला दिवस

सायप्रसच्या भूशास्त्रीय नकाशात ट्रूडोस पर्वत आडव्या चिरलेल्या कांद्यासारखा दिसतो. मधे गाभा आणि त्याभोवती एकात एक कडी. यातला गाभा हा सगळ्यात खोलचा खडक, आणि तो आहे सगळ्यात उंच शिखरावर. साधारण ९ कोटी २० लाख वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झालेलं कवच पुढे वर उचललं गेलं, मधोमध फुगलं, वरचे थर झिजले, आणि जे सर्वांत खाली होतं ते सर्वांत वर उघडं पडलं. म्हणून इथे डोंगर चढलं की आपण समुद्रतळाच्या खाली खाली जातो, आणि उतरलं की परत समुद्रतळाकडे येतो.

आमचा बेत या उलट्या हिशेबावर बसवलेला होता. मला बघायची होती ती ज्वालामुखी खडकांमधली सल्फाइड धातुकं. लोखंड, तांबं आणि जस्त यांची गंधकाबरोबरची संयुगं जिथे एका जागी लाखो टनांनी साचतात, असे साठे. मी थेट खाणीपासून सुरुवात करणार होते. सरांनी तो क्रम मोडला. सर माझे महाविद्यालयातले शिक्षक, आता निवृत्त. खनिजांचे साठे कसे होतात हे मला त्यांनीच शिकवलं. "खाण शेवटच्या दिवशी," ते म्हणाले. "आधी चूल कुठे पेटली ते बघू. मग पाणी कुठे तापलं ते. उतू काय गेलं ते सगळ्यात शेवटी."

तर आज चूल. मार्च संपत आला होता तरी शिखराभोवतीच्या वाटेवर सावलीत बर्फ होता. ऑलिंपस शिखर १,९५२ मीटर उंच. माथ्याला वळसा घालणारी आर्टेमिस नावाची पायवाट आहे, तिच्यावरून चाललो. पायाखाली हार्झबर्गाइट. पृष्ठभाग तपकिरी, खरखरीत, आणि त्यातून पायरॉक्सिन या खनिजाचे स्फटिक पुळ्यांसारखे वर आलेले. हा पृथ्वीच्या प्रावरणाचा खडक. यातलं वितळण्यासारखं होतं ते वितळून वर गेलं आणि हा चोथा मागे राहिला. वर गेलेल्या रसाचं काय झालं ते दुपारी कॅलेडोनिया धबधब्यापाशी पाहिलं. तिथे पाणी कोसळतं ते गॅब्रोवरून. सावकाश थंड झालेला, जाड स्फटिकांचा काळपट खडक. समुद्रतळाखाली काही किलोमीटरवर तप्त शिलारस साठत असे, तो तिथेच गोठला की त्याचा हा खडक होतो. सरांची चूल ती हीच.

सर धबधब्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते. १९६८ मध्ये इयन गॅस यांनी ट्रूडोस हा प्राचीन सागरतळाचा तुकडा असावा असा विचार मांडला, आणि १९७१ मध्ये एल्ड्रिज मूर्स आणि फ्रेड व्हाइन यांनी तो थरावर थर दाखवून पक्का केला. भूपट्ट सरकतात हे तेव्हा नुकतंच लोकांना पटू लागलं होतं. ते जिथून सरकतात ती जागा मात्र दोन-अडीच किलोमीटर पाण्याखाली. इथे ती हातोडीने ठोकून पाहता येत होती.

दुसरा दिवस

मादारीच्या धारेवर चढलो. बरोबर बेटावरचीच एक तरुण भूवैज्ञानिक होती. पुढचे सगळे दिवस गाडी तीच चालवणार होती. या जागेला स्थानिक भाषेत 'तेइशिया' म्हणतात, म्हणजे भिंती. नाव ज्याने ठेवलं त्याला भूशास्त्र ठाऊक नसेल, पण त्याची नजर पक्की होती. करड्या-हिरवट खडकाचे उभे पत्रे एकाला एक चिकटून, फडताळात वह्या उभ्या लावाव्यात तसे. प्रत्येक पत्रा म्हणजे एक डाइक, फटीत शिरून गोठलेल्या शिलारसाची भिंत.

इथे मी जवळजवळ तासभर एकाच जागी बसून होते. एका डाइकच्या कडेला भिंग लावलं. अगदी कडेला खडक इतका बारीक, की स्फटिक दिसेचना. काळपट, काचेसारखा तुटणारा. चार बोटं आत सरकलं की सुईच्या टोकाएवढे दाणे. आणखी आत, वीतभर अंतरावर, डोळ्यांना सहज दिसणारे पांढुरके फेल्डस्पार. तापलेला रस गार भिंतीला टेकला तिथे झटकन गोठला, मधे त्याला वेळ मिळाला. आता या डाइकची दुसरी कड शोधावी, तर ती तिथे नव्हतीच. पुढच्या डाइकने याला मधोमध चिरलं होतं आणि उरलेला अर्धा पलीकडे ढकलून दिला होता. फट पडली, रस भरला, गोठला. पुन्हा त्याच्याच मधोमध फट पडली, पुन्हा रस भरला. असं हजारो वेळा. दोन डाइकांच्या मधे जुना खडक शोधायचा प्रयत्न केला. सापडला नाही. इथली सगळी जमीन फटी भरून भरूनच तयार झालेली आहे.

धातुकाशी याचा संबंध काय, तर फटी. जमीन जिथे सतत ताणली जाते तिथे पाण्याला आत जायला वाटा असतात. ट्रूडोसच्या उत्तर उतारावर खचदऱ्यांचे अवशेष आहेत, सोलेया आणि मित्सेरो या त्यांतल्या माहितीच्या. मोठे साठे या खचदऱ्यांच्या आसपास, विभंगांना, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांना, धरून सापडतात.

तिसरा दिवस

आजचा दिवस माझ्या मते सगळ्या प्रवासाचा कणा, आणि पर्यटकाने फोटो काढावा असं त्यात काहीही नव्हतं.

स्पिलिया गावाच्या परिसरात रस्त्याच्या कडेला डाइक दिसत राहतात. कालच्यासारखेच, करडे. आणि मग एका वळणानंतर त्यांच्यात पट्टे दिसायला लागतात. पिवळट हिरवे, पोपटाच्या पिसासारखे, डाइकच्या लांबीला समांतर. एक पट्टा हिरवा, एक करडा, परत हिरवा. पुढे करडा संपतोच. हा एपिडोसाइट. याच्यात एपिडोट हे हिरवं खनिज आणि क्वार्ट्झ यांखेरीज जवळजवळ काही उरलेलं नाही. मूळचा डाइक होता हे फक्त आकारावरून ओळखायचं. फेल्डस्पार गेला, पायरॉक्सिन गेलं.

सरांनी एक ढेकूळ माझ्या हातात दिलं. "वजन बघ. आणि सांग, यात काय नाही?"

उत्तर मला पाठ होतं, पण हातात घेऊन ते पहिल्यांदाच उच्चारलं. तांबं नाही, जस्त नाही. ताज्या बेसाल्टी डाइकमध्ये ही मूलद्रव्यं असतात; फार नाही, दहा लाख भागांत काही डझन भाग. इथे ती जवळपास धुऊन गेली आहेत. खाणीत जे सापडतं ते इथून गेलेलं आहे.

कसं गेलं, ते सांगते. समुद्राचं थंड पाणी फटींतून खाली उतरतं. तापायला लागल्यावर, साधारण १५० अंशांच्या पुढे, त्यातलं सल्फेट कॅल्शियमबरोबर अ‍ॅनहायड्राइट होऊन खडकात बसतं. पाण्यातलं मॅग्नेशियम खडक शोषून घेतो, त्याची क्लोराइटसारखी खनिजं करतो, आणि या देवाणघेवाणीत पाणी आम्लधर्मी होतं. आणखी खाली, चुलीच्या अगदी वर, तापमान ४०० अंशांच्या घरात जातं. वर अडीच किलोमीटर पाण्याचं ओझं असल्यामुळे ते सहजी उकळत नाही. असं तापलेलं, आम्लधर्मी, खारट पाणी खडकातलं लोखंड, तांबं, जस्त सोडवून घेतं. पाण्यातलं क्लोराइड त्यांना धरून ठेवतं. गंधकही बरोबर येतं, काही खडकातून सुटलेलं, काही समुद्राच्याच सल्फेटचं रूप बदललेलं. तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वर निघतं, आणि त्याच्या जागी थंड पाणी खाली उतरतं. चूल तापलेली असेपर्यंत हा फेरा थांबत नाही.

हे वाक्यांत सोपं वाटतं. पण त्या पट्टेरी खडकासमोर उभं राहिलं की दिसतं, पाणी सगळीकडे सारखं फिरलेलं नाही. करडा पट्टा वाचला, त्याच्या शेजारचा हिरवा निथळून गेला. एकाच डाइकमध्ये, हाताच्या अंतरावर. पाण्याने आपली वाट निवडली आणि तिला ते चिकटून राहिलं. मी पट्ट्यांची रुंदी वहीत लिहून घेत राहिले, आणि अंधार पडायला लागला तसं सरांनी हाक मारली.

चौथा दिवस

पाऊस. घाटरस्त्यावर दगड आले होते, म्हणून निकोसियात राहिलो आणि सकाळ सायप्रस संग्रहालयात घालवली. तिथे एंकोमी या प्राचीन शहरात मिळालेली तांब्याची लगड आहे. ताणून वाळत घातलेल्या कातड्यासारखी, चार कोपरे बाहेर काढलेले. उचलून न्यायला सोपी. कांस्ययुगात अशा लगडी भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने जात होत्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इ. स. पू. १३०० च्या सुमारास बुडालेल्या जहाजात सुमारे १० टन तांबं सापडलं, आणि त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते सायप्रसचं असल्याचं मानलं जातं. लॅटिनमधल्या तांब्याच्या 'कुप्रुम' या शब्दाचं मूळही या बेटाच्या नावात आहे.

दुपारी खोलीवर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मावरोवूनी हा बेटावरचा सगळ्यात मोठा साठा, सुमारे दीड कोटी टनांचा, तांबं साधारण ४ टक्के. म्हणजे ६ लाख टन तांबं. आजच्या समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांच्या पाण्यात तांबं असतं किलोमागे फार तर काही मिलिग्राम. समजा ५ धरलं आणि त्यातला कणही वाया गेला नाही असं मानलं, तरी १ टन तांब्याला २ लाख टन पाणी लागतं. सगळ्या मावरोवूनीला १२० घन किलोमीटर. प्रत्यक्षात यातलं बहुतेक तांबं समुद्रात धुरासारखं उधळून जातं, तळाशी थोडंच बसतं. तेव्हा खरा आकडा याच्या कितीतरी पट.

मला या आकड्याने गप्प केलं. खाणीत आपण घनफळ मोजतो, टक्केवारी मोजतो. पण तो साठा झाला तो एका ठिकाणून, त्याच फटीतून, इतकं पाणी वाहत राहिल्यामुळे. फट मधेच बुजली असती किंवा चूल विझली असती तर तिथे पायराइटचे, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइडचे, चार शिंतोडे राहिले असते, आणि असे शिंतोडे समुद्रतळावर असंख्य असतील.

संध्याकाळी पाऊस थांबेना तेव्हा सरांनी बाकीच्या जगाची सैर करवली. यंत्रणा सगळीकडे हीच, बदलतो तो खालचा खडक. सायप्रसला खाली निव्वळ बेसाल्टी कवच, म्हणून तांबं आणि जस्त, शिसं नाममात्र. उत्तर जपानातल्या होकुरोकु भागात सिलिकायुक्त, फिकट ज्वालामुखी खडक, म्हणून तिथल्या 'कुरोको'त, म्हणजे काळ्या धातुकात, शिसं आणि बॅराइट हे बेरियमचं खनिजही भरपूर. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या पायराइट पट्ट्यात ऐंशीहून जास्त साठे, वय साधारण ३५ कोटी वर्षं. रिओ टिंटोची खाण त्यातलीच. आणि कॅनडातली किड क्रीक २७० कोटी वर्षांची, तिचं खोदकाम आता ३ किलोमीटरच्या आसपास खोल गेलेलं. म्हणजे पृथ्वीवर प्राणी नव्हते, वनस्पती नव्हत्या, तेव्हाही समुद्रतळावर हे झरे वाहत होते.

पाचवा दिवस

आकाश धुतलेलं. आता डाइकांच्या वर आलो, लाव्हात. क्लिरूच्या पुलाखाली नदीने काठ कापून स्वच्छ केला आहे. तिथे पिलो लाव्हा: गोल, फुगीर, उशांवर उशा रचल्यासारखा. जमिनीवर वाहून पसरलेला बेसाल्टच पाहत आलेल्या माणसाला हा आकार पहिल्यांदा खोटा वाटतो. रस पाण्यात शिरला की वरून लगेच काचेची कातडी धरते, आत तो वितळलेलाच असतो. कातडी फुटते, नवी उशी बाहेर पडते. वरची उशी खालच्या दोघींच्या खाचेत बसते, म्हणून तिच्या पोटाला खाली टोक येतं. ते टोक बघितलं की थराची वरची बाजू कुठली ते कळतं. मधल्या डाइकने या उशांना आरपार कापलं होतं. खालून वर लाव्हा पुरवणारी नळीच ती.

अग्रोकिपियाला फार वेळ थांबलो नाही. इथल्या जमिनीखालच्या साठ्यात १९८०च्या दशकात संशोधनासाठी भोक पाडलं गेलं, सायप्रसच्या कवचाच्या अभ्यासप्रकल्पात. भोकातून काढलेल्या खडकाच्या दांड्यांवर, म्हणजे गाभ्यांवर, कित्येक शोधनिबंध झाले. जागेवर आज बघण्यासारखं म्हणजे उतार आणि गवत.

मित्सेरोजवळचं कोक्किनोपेझूलाचं तळं मात्र विसरता येत नाही. जुन्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी, गडद लाल. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि लोखंड मोकळं होतं. जिवाणू हे काम कितीतरी वेगाने करतात. लोक या तळ्याचे सुंदर फोटो काढतात. मला ते बघवत नव्हतं. खाण उघडताना हे होणार हे रसायनशास्त्राला ठाऊक असतं, आणि तरी अशा खड्ड्यांची जबाबदारी पुढच्या पिढ्यांवर पडते. काठाची माती भुसभुशीत, तेव्हा आम्ही कुंपणाच्या बाहेरच राहिलो.

सहावा दिवस

मथियातिस. सोडून दिलेली उघडी खाण. बरोबरच्या भूवैज्ञानिकेने आधी परवानगी काढून ठेवली होती आणि खाणीच्या कुठल्या पायरीपर्यंत जायचं तेही सांगून ठेवलं होतं.

खड्ड्याची भिंत दुरूनच सांगत होती. वर लालभडक टोपी, तिच्याखाली पिवळा, मग पांढुरका, मग राखाडी-हिरवट. लाल टोपी म्हणजे गॉसन, सल्फाइड सडून मागे राहिलेले लोखंडाचे ऑक्साइड. पिवळा थर जॅरोसाइटचा, तेही लोखंडाचंच खनिज. टोपीतून पाझरलेलं तांबं खाली जाऊन पुन्हा सल्फाइडरूपात बसतं आणि तिथला थर समृद्ध होतो. प्राचीन खाणकामगार लाल टोपी बघूनच खणायला लागायचे. हवेत गंधकाचा वास होता आणि भिंतीच्या पायथ्याला सल्फेटांची पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. तिथल्या डबक्यातल्या पाण्याचा थेंब घेऊन लिटमस लावला, लगेच लाल.

खालचा राखाडी भाग म्हणजे स्टॉकवर्क, वर येणाऱ्या पाण्याची नळी. इथला लाव्हा ओळखू येत नाही. क्लोराइट आणि सिलिका यांनी त्याची जागा घेतली आहे, आणि त्यातून क्वार्ट्झ-पायराइटच्या शिरांचं जाळं गेलेलं. एक शीर बोटभर रुंद, पुढे सुतासारखी बारीक, मग दुसरीत मिसळलेली. शिरा एकमेकींना कापतात, कुठली आधीची कुठली नंतरची ते काही ठिकाणी लावता येतं. फुटलं, बुजलं, परत फुटलं.

पण मी जिच्यासाठी आले होते ती गोष्ट बाजूला पडलेल्या एका दगडात सापडली. गच्च पायराइटचा दगड, दोन्ही हातांनी उचलावा लागला. तोडलेल्या बाजूवर पाणी ओतलं, भिंग लावलं. एकसंध नव्हता. पायराइटचे कोनेदार तुकडे, नखाएवढे, काही अंगठ्याएवढे, आणि त्यांच्या मधल्या जागेत आणखी बारीक पायराइट, जरासं क्वार्ट्झ, एका कोपऱ्यात चाल्कोपायराइटचा, म्हणजे तांब्याच्या खनिजाचा, पिवळाधमक ठिपका. एका तुकड्याच्या आत पट्टे होते आणि ते तुकड्याच्या कडेशी येऊन तुटले होते. म्हणजे तो तुकडा आधी कशाचा तरी भाग होता, मोडला आणि परत चिकटवला गेला.

हे का, याचं उत्तर आजच्या समुद्रातून मिळालं आहे. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात २१ अंश उत्तरेला अ‍ॅल्विन पाणबुडीतून शास्त्रज्ञांनी काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या पाहिल्या. पाण्याचं तापमान मोजायला गेले तर मोजणीच्या कांडीचं प्लॅस्टिक वितळलं. नीट मोजलं तेव्हा ते ३५० अंश भरलं. तो धूर म्हणजे सल्फाइडचे कण. तापलेलं पाणी २ अंशांच्या समुद्राला भेटलं की विरघळलेले धातू एका क्षणात बाहेर पडतात. चिमणी उंच होते, मोडते, तिच्या तुकड्यांचा ढिगारा होतो, त्यातून पाणी परत वाट काढतं. अटलांटिकमधला टॅग नावाचा असा ढिगारा २०० मीटर रुंद आणि ५० मीटर उंच आहे. १९९४ मध्ये त्याच्यात भोकं पाडली तेव्हा आत पायराइटच्या तुकड्यांना जोडणारं अ‍ॅनहायड्राइट भरपूर निघालं. आणि अ‍ॅनहायड्राइटचा गुणधर्म असा, की पाणी गार झालं की ते विरघळतं. झरा थांबला की ढिगाऱ्याचा आधार जातो, तो आतल्या आत कोसळतो. पुन्हा गरम पाणी आलं की तुकडे सल्फाइडने सांधले जातात. प्राचीन साठ्यांत अ‍ॅनहायड्राइट शोधूनही क्वचितच मिळतं. मिळतात ते हे मोडके तुकडे.

एवढंच नाही. गरम पाणी ढिगाऱ्यातून जाताना आधी बसलेलं जस्त पुन्हा विरघळवतं आणि वर-बाहेर नेऊन ठेवतं, त्याच्या जागी तांबं बसवतं. म्हणून अशा साठ्यांत तळाशी आणि मध्यभागी तांबं, वरच्या आणि बाहेरच्या अंगाला जस्त. विंधनविहिरीच्या गाभ्यात जस्त वाढायला लागलं की आपण कडेला आलो, हे खाणीतले लोक बरोबर ओळखतात.

सरांनी पिशवीतून परवाचा एपिडोसाइट काढला आणि त्या दगडाशेजारी ठेवला. एक पोपटी, हलका. एक पितळी, जड. काही बोलले नाहीत. मीही फोटो काढला नाही; दोन्ही दगडांवरून हात फिरवला.

सायप्रसच्या धातुकात चिमण्यांचेही तुकडे ओळखले गेले आहेत, १९८४ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. पुढे नळीत राहणाऱ्या किड्यांचे जीवाश्मही याच बेटावरच्या काही खाणींत मिळाले, पायराइटमध्ये उमटलेले. आम्ही दोन तास शोधलं. एक बारीक नळीसारखा आकार मला दिसला, सरांनी मान हलवली: "शीर आहे गं ती." त्यांचं बरोबर होतं.

परतताना मार्गीजवळ थोडं थांबलो. लाव्हाच्या खोलगट जागांत चॉकलेटी-काळी, पिठासारखी मऊ, हाताला लागणारी माती. हा अंबर, म्हणजे लोखंड आणि मॅंगनीज यांचा गाळ. काळ्या धुरातलं जे तळाशी बसलं नाही, दूर तरंगत जाऊन सावकाश खाली आलं, ते हे. चित्रकारांच्या रंगपेटीतला अंबर याच प्रकारच्या मातीचा. धातुक शोधणाऱ्याला तो एक इशारा देतो, की हा थर ज्या काळात बसला तेव्हा आसपास कुठेतरी झरे वाहते होते.

सातवा दिवस

स्कूरिओतिसा. 'स्कूरिया' म्हणजे ग्रीकमध्ये धातुमळी, आणि हे नाव इथल्या जमिनीवर सरळ लिहिलेलं आहे. काळ्या मळीचे थर, कापलेल्या कडेत एकावर एक. भट्टीतून वाहताना तिला पडलेल्या वळ्या तशाच आहेत. हात लावला तर काचेसारखी गुळगुळीत, मधेमधे हवेचे बुडबुडे आणि कुठे हिरवा डाग. बेटावर सगळीकडे मिळून अशी सुमारे ४० लाख टन मळी असल्याचा अंदाज आहे. १९१२ मध्ये चार्ल्स गॉडफ्रे गुंथर हा खाण अभियंता या ढिगांच्याच मागावर इथे आला आणि आधुनिक खाणकाम पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेन या सोली परिसरातल्या खाणीत उतरला होता, औषधी खनिजांसाठी. त्याने लिहून ठेवलं आहे: बोगद्यात स्नानगृहासारखी ऊब, छतातून कोमट हिरवं पाणी ठिबकतंय, आणि ते घागरींत भरून गुलाम धावत बाहेर आणताहेत, कारण आतली हवा सोसवत नाही. पायराइट सडताना उष्णता निघते; ऊब त्याची. हिरवं पाणी तांब्याच्या सल्फेटचं. गॅलेनला याची कारणं ठाऊक नव्हती, तरी त्याचं वर्णन आज वाचलं तर खाणीतला माणूस लगेच ओळखतो. त्या धावणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

१९९०च्या दशकापासून इथे तांबं काढतात ते पाण्यानेच. फोडलेल्या धातुकाचे ढीग रचायचे, त्यांच्यावर आम्ल शिंपडायचं, खालून निळं-हिरवं द्रावण गोळा करायचं, आणि विजेने त्यातलं तांबं पत्र्यांवर चढवायचं. भट्टी नाही, मळी नाही. आम्लधर्मी पाण्याने खडकातून तांबं सोडवायचं हे काम समुद्राने इथे आधीच एकदा केलेलं आहे, ४०० अंशांवर. ढिगावरच्या नळ्यांतून ते ठिबकताना मी बराच वेळ बघत राहिले.

जुन्या खाणीच्या काठावर आम्हाला शेवटची गोष्ट बघायची होती. सल्फाइडच्या वर पिवळा-तपकिरी गेरू. हा गेरू मथियातिसच्या लाल टोपीपेक्षा वेगळा. जमिनीवर आल्यावर, पावसाने सडून झाला तो गॉसन. हा समुद्राच्या तळाशीच झाला. झरा विझल्यावर उघड्या पडलेल्या सल्फाइडला समुद्राच्या पाण्यातल्या प्राणवायूने खाल्लं, आणि वर गाळ साचत गेला म्हणून उरलेलं वाचलं. लाव्हाचं किंवा गाळाचं पांघरूण वेळेवर मिळालं नाही तर समुद्र असे साठे पूर्ण खाऊन टाकतो. किती साठे असे गेले असतील ते मोजायला काहीच मागे उरत नाही.

सर गेरूच्या थरापाशी गुडघे टेकून बसले. वयाच्या मानाने त्यांनी आठवडाभर खूप सोसलं होतं. हाताच्या पंज्याने थराची जाडी मोजली, मला आकडे सांगितले, मी लिहून घेतले. मग ते उठले आणि पश्चिमेकडे बोट केलं. मावरोवूनी त्या बाजूला, फार दूर नाही, पण १९७४ पासून बेटाला दुभागणाऱ्या रेषेच्या पलीकडे. दीड कोटी टन, ४ टक्के. या खेपेला तिकडे जाता येणार नव्हतं.

"त्या खाणीतले जुने नमुने मी शिकवायला वापरायचो," सर म्हणाले. "एकाच्या कडेला जस्त होतं बघ."

गाडी सुरू झाली तरी ते तिकडेच बघत होते.